जांभ्याच्या जुन्या घराला जोडबांधणी: वाढत्या कुटुंबासाठी खोल्या कुठे आणि कशा वाढवाव्यात?

परसातला_फणस

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ घराविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न बराच गुंतागुंतीचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

घर आजोबांच्या वडिलांनी १९३१ साली बांधले. भिंती जांभ्या चिऱ्याच्या असून त्यांची जाडी दीड फूट आहे. बांधकाम चुन्यात आहे आणि आतल्या काही भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या आहेत. पुढे अंगण, मग ओटी, माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी असा नेहमीचा क्रम आहे. माजघरावर फळ्यांचा माळा आहे. छप्पर चौपाखी असून मंगळुरी कौलांचे आहे आणि तुळया, खांब सागाचे व किंजळाचे आहेत. न्हाणीघर आणि संडास घरापासून वेगळे, परसात आहेत.

आतापर्यंत येथे आई आणि मी सपत्नीक राहत होतो. आता धाकटा भाऊ पुण्याची नोकरी सोडून बागेकडे लक्ष देण्यासाठी सहकुटुंब परत येत आहे, त्याला दोन मुले आहेत आणि आमच्याकडेही आणखी एका बाळाची चाहूल आहे. म्हणजे वर्षभरात तीन माणसांच्या घरात आठ माणसे होतील. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे रात्री पावसात परसात जाणे तिला अशक्य होत चालले आहे. किमान दोन खोल्या आणि घरातून जाता येईल असे न्हाणीघर व संडास ही आमची खरी गरज आहे.

एका कंत्राटदाराने असे सुचवले की मागची पडवी पाडावी, तेथे सिमेंटचे खांब उभे करून स्लॅब टाकावा आणि पुढे कधी वाटल्यास त्यावर मजला चढवावा. हिशेब सोपा आहे, परंतु मन घेत नाही. घर जसेच्या तसे जपून ठेवायचे असा आमचा हट्ट नाही, कारण घर राहण्यासाठी असते. मात्र जे नव्वद वर्षे टिकले, त्याला आमच्या हातून बाधा पोहोचू नये आणि नव्या बांधकामासाठी लागणारे साहित्यही शक्यतो जवळपासचे, पुन्हा वापरता येणारे असावे, अशी इच्छा आहे. कोणी असे काम केले असल्यास कृपया लिहावे.

तळखडा

मी बांधकाम अभियंता होतो, आता निवृत्त आहे. चिपळूण आणि संगमेश्वर परिसरातील बरीच जुनी घरे दुरुस्तीच्या निमित्ताने पाहिली आहेत. आपल्या कंत्राटदाराने सुचवलेली योजना अप्रामाणिक आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ती दोन वेगळ्या स्वभावाच्या बांधकामांना एकत्र बांधते आणि दुखणे तेथूनच सुरू होते.

चुन्यातली जांभ्याची भिंत थोडी हलते, थोडी ओली होते आणि पुन्हा वाळते. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो, पण तो सच्छिद्रच राहतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेले पाणी आठ महिन्यांत उडून जावे, याच बेताने ही घरे बांधली गेली. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा मात्र ताठ असतो. त्याचा पाया वेगळ्या गतीने बसतो, उन्हात तो वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडले की भेग जुन्या भिंतीलाच पडते, कारण ती दोघांतली मऊ बाजू असते. वजनाचाही विचार करावा. मंगळुरी कौले एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात आणि त्यांचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. चार इंची स्लॅबचे वजन तेवढ्याच जागेत अडीचशे किलो असते. हा भार जुन्या भिंतीवर टेकवण्याचा विचारही करू नये.

आपला भाग कोयनेपासून फार दूर नाही, हेही लक्षात असू द्यावे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ज्यांना आठवतो ते जुनी दगडी घरे का कोसळली हे सांगतील: कोपरे एकमेकांत गुंतवलेले नव्हते, जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर जोडणारे लांब दगड नव्हते आणि छपराच्या पातळीवर चारही भिंतींना एकत्र धरणारे काही नव्हते. म्हणून नवी बांधणी जुन्या घरापासून सुटी ठेवावी आणि दोहोंमध्ये फट ठेवून ती लवचीक रीतीने झाकावी. जुन्या घरात काही पैसे खर्च करायचेच असतील तर भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी लाकडी बंध घालून तो कोपऱ्यांत पक्का जोडून घेण्यावर करावेत.

पायाबद्दल एक सूचना, जी नेहमी विसरली जाते. जुन्या घराचा पाया बहुधा उथळ असतो. त्याला खेटून खोल चर खणला तर जुन्या पायाखालची माती चरात सरकते. जितके खोल खणायचे, तितके तरी अंतर जुन्या भिंतीपासून सोडावे आणि तो चर पावसाळ्यात उघडा राहू देऊ नये.

हे सगळे नंतरचे. आपल्या लिहिण्यात एका गोष्टीचा उल्लेख आलेला नाही. आपल्याकडे गोठा होता का? असल्यास तो कुठे आहे, केवढा आहे आणि आता त्यात काय आहे? नवी खोली बांधण्याआधी कोणती बांधलेली जागा रिकामी पडली आहे हे पाहावे, कारण जी भिंत आधीच उभी आहे तिच्यासाठी चिरा, सिमेंट किंवा डिझेल यांपैकी काहीही नव्याने लागत नाही.

चार_पैसे_राखून

मी वेगळे मत मांडतो, राग नसावा. जुन्या घरांविषयी लिहिताना आपण सारे थोडे हळवे होतो. कौले दरवर्षी परतावी लागतात, ते काम करणारी माणसे गावात उरलेली नाहीत, माकडे एका उडीत दहा कौले फोडतात आणि वाळवी तुळईत शिरली की कळते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या काकांनी २०१५ मध्ये मागच्या बाजूला स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. मुले तेथेच झोपतात आणि पावसाळ्यात कोणाच्या अंथरुणावर ठिबकत नाही. ज्या घरात लहान मूल आणि गुडघेदुखीचे माणूस आहे, तेथे वारशाची काळजी करण्याआधी कोरडी, सपाट जमीन मिळणे महत्त्वाचे आहे. चुन्याचे काम करणारा गवंडी शोधण्यात दोन हंगाम जातील, तोपर्यंत बाळ चालू लागेल.

वळचण

वरील प्रतिसादातील अडचणी खऱ्या आहेत, मात्र आमचा अनुभव नेमका उलट निष्कर्ष काढायला लावतो, म्हणून लिहिते. आमचे घर दापोलीजवळ आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात पश्चिमेकडचे सगळे पाखे उडाले. पाऊस तोंडावर होता, त्यामुळे जो मिळेल त्या ठेकेदाराकडून जे सुचेल ते करून घेतले. त्याने छप्पर दुरुस्त केले आणि जाताना सल्ला दिला की भिंतींना खालून ओल येते, तर चार फुटांपर्यंत आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून टाकू म्हणजे कायमची चिंता मिटेल. आम्ही मान डोलावली. वर तेलकट रंगही लावला.

पहिले वर्ष भिंत सुंदर दिसली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल चार फुटांच्या वर, गिलावा संपतो तेथे दिसू लागली. पूर्वी ती कमरेपर्यंतही येत नसे. तिसऱ्या वर्षी गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागले आणि त्यांच्याबरोबर चिऱ्याचा दर्शनी थरही भुग्यासारखा गळू लागला. जाणकारांना दाखवल्यावर समजले की पाणी जमिनीतून येणारच होते, आम्ही फक्त त्याचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद केला होता, म्हणून ते वर चढले आणि सोबत आणलेले क्षार चिऱ्याच्या आतच साठत गेले. आता सगळा सिमेंटचा थर छिन्नीने काढून, भिंत एक उन्हाळा उघडी ठेवून, चुन्याचा गिलावा केला आहे. तो काढताना जेवढा चिरा फुटला तेवढा नव्वद वर्षांच्या पावसाने फुटला नव्हता.

जोडबांधणी कशीही करा, पण नव्या कामातले उरलेले सिमेंट जुन्या भिंतीच्या दरजांमध्ये भरण्याचा मोह गवंड्याला होतो, तेव्हा तेथे उभे राहा.

आणि श्री. राखून यांच्यासाठी: माकडांवर आमच्याकडेही उपाय नाही.

परसातला_फणस

सर्वांचे आभार. तळखडा यांनी गोठ्याबद्दल विचारले आणि घरात दोन दिवस त्याचीच चर्चा चालली. गोठा आहे. घराच्या मागच्या पडवीपासून आठ फुटांवर, घराला समांतर, बत्तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद. भिंती जांभ्याच्या, छपराला कौले, वासे आईनाचे. शेवटची गाय जाऊन दहा वर्षे झाली. सध्या त्यात सरपण, नारळाची सोडणे आणि कोणी फेकून देऊ न शकलेल्या सगळ्या वस्तू आहेत. त्याची जमीन घराच्या जोत्यापेक्षा दीड फूट खाली आहे.

आईला विचारले तर ती म्हणाली की जेथे तीस वर्षे धारा काढल्या, तेथे मी झोपायला जाणार नाही, माझी जागा देवघराशेजारी आहे. तिच्या या म्हणण्यापुढे आराखडा काढणाऱ्याने काय करावे, ते आपणच सांगावे.

तळखडा

आराखडा काढणाऱ्याने आईंचे ऐकावे. त्यांनी आपली अडचण सोपी केली आहे.

आई माजघरालगतच्या खोलीतच राहतील. भाऊ आणि मुले गोठ्यात जातील, जेथे मध्ये एक भिंत घालून बारा-बारा फुटांच्या दोन खोल्या सहज निघतात. आईंना हवे ते न्हाणीघर घर आणि गोठा यांच्यामधल्या आठ फुटांच्या जागेत बांधावे, घराच्या जोत्याच्या पातळीवर, म्हणजे मागच्या पडवीतून त्यांना एकही पायरी न उतरता तेथे जाता येईल. त्याच्या शेजारून चार फुटांची वाट ठेवावी आणि तिच्या टोकाला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या उतरून गोठ्यात जावे. मुलांना पायऱ्यांचे काही वाटत नाही. संपूर्ण गोठ्याची जमीन दीड फूट उचलण्याचा विचार कोणी सुचवेल, तो टाळावा, कारण मग वळचणीखाली डोके आपटेल आणि पर्यायाने छप्पर उचलावे लागेल.

न्हाणीघराच्या भिंती स्वतंत्र असाव्यात आणि जुन्या भिंतीपासून वीतभर सुट्या असाव्यात. जांभ्याच्या भिंतीत नळ गाडू नये. नळ फुटल्याचे आपल्याला वर्षभराने कळते, भिंतीला त्याच दिवशी कळते.

आता गोठ्याची खरी अडचण. जेथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे बांधली गेली, तेथे जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन थरांत गोमूत्रातले क्षार खोलवर मुरलेले असतात. हे क्षार दमट हवेतील पाणी ओढून घेतात. त्यामुळे छप्पर कितीही घट्ट केले आणि जमीन कितीही चांगली घातली तरी अशी भिंत ऑगस्टमध्ये घाम आल्यासारखी ओलसर दिसते, आणि मग घरचे लोक गळती शोधत बसतात. यावर जलरोधक रंग हा उपाय नाही. वळचण यांच्या घरी जे झाले तेच येथे दुप्पट वेगाने होईल. जमीन फूटभर खणून ती माती बागेत द्यावी, नारळाला त्याचा उपयोगच होईल. जे चिरे बोटाने भुगा होण्याइतके कुजले असतील ते एकेक करून बदलावेत. उरलेल्या भिंतीला आतून चुन्याचा साधा, कमकुवत गिलावा करावा आणि तो दोन-तीन वर्षांनी काढून टाकण्यासाठीच केला आहे असे समजावे. क्षार भिंतीतून त्या गिलाव्यात येतात आणि गिलाव्याबरोबर जातात. दुसरा गिलावा मात्र पुष्कळ टिकतो. पहिली दोन वर्षे त्या भिंतीला कपाटे टेकवू नयेत.

मधल्या छपराविषयी. जोडबांधणीचे आयुष्य छपराच्या सांध्यावर ठरते. दोन पाखे एकमेकांना मिळून जी खोलगट पन्हळ तयार होते, तिच्यात आंब्याची पाने साठतात, पाणी कौलाखाली मागे फिरते आणि तिच्या बरोबर खालचा वासा सर्वांत आधी जातो. कुजलेली छपरे मी जितकी पाहिली, त्यांतली बहुतेक याच जागी कुजली होती. म्हणून मधल्या वाटेचे छप्पर घराच्या वाशांना ठोकू नये. चार स्वतंत्र खांबांवर, दोन्ही वळचणींच्या थोडे वर, छत्री धरल्यासारखे ते उभे करावे आणि दोन्हीकडे दीड-दोन फूट पुढे न्यावे. बाजूंच्या उघड्या जागेत तिरक्या लाकडी पट्ट्या लावाव्यात, म्हणजे झड आत येणार नाही आणि हवा खेळती राहील. घराच्या पाख्यावरून त्या भागात येणारे पाणी घेण्यासाठी वळचणीला रुंद, उघडी पन्हळ लावावी. ती सात फुटांच्या उंचीवर येईल, म्हणजे स्टुलावर उभे राहून हाताने पाने काढता येतील. ज्या पन्हळीसाठी शिडी आणि माणूस बोलवावा लागतो, ती कोणी साफ करत नाही.

हिवाळी_पाहुणा

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका खेड्यात आम्ही जुन्या दगडी घरात राहतो, म्हणून हा धागा उत्सुकतेने वाचत आहे. आमचे घर वारसा यादीत असल्याने परवानगीशिवाय एक खिडकी बदलणेही येथे फौजदारी गुन्हा ठरतो. राजापूरच्या घराला असा कोणताही कायदा वाचवत नाही, तेथे सगळे घरच्यांच्या इच्छेवर आहे, हे वाचून मला दोन्ही व्यवस्थांविषयी थोडा हेवा वाटला.

येथे १८७७ मध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली, जी आजही काम करते. तिच्या विचारातला एक मुद्दा आपल्या उपयोगाचा वाटतो. दुरुस्तीच्या नावाखाली जुन्याची नक्कल करून जुन्यात मिसळून टाकू नये, नवे काम प्रामाणिकपणे नवे दिसावे. मधल्या वाटेला कोरीव खांब आणि जुनाट कमानी लावण्याचा आग्रह कोणी धरला तर तो टाळावा असे मला वाटते. साधे, नीट रंधलेले खांब पुरेत. शंभर वर्षांनी येणाऱ्याला १९३१ चे काय आणि आपले काय, हे दिसले पाहिजे.

ओलीबाबत मात्र दोन्ही देशांचे दुखणे एकच आहे. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांचे सिमेंट काढून पुन्हा चुना भरण्याचे काम चालू आहे.

सातबारा

बांधकामाविषयी बरीच चर्चा झाली, कागदपत्रांविषयी कोणी काही लिहिले नाही म्हणून लिहितो. कोकणातील जुने घर एकट्याचे क्वचित असते. घर आजोबांच्या वडिलांचे असेल तर चुलत घराण्यातील सहहिस्सेदार निघतील, मुंबईला असलेल्या आत्यांचा हक्कही निघेल. नमुना आठच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या, उताऱ्यावर कोणाचे नाव आहे आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, ही दोन वेगळी उत्तरे असू शकतात. गोठा घरपट्टीच्या नोंदीत आहे का, हे आधी पाहावे. नोंद असल्यास त्याची दुरुस्ती आणि वापरातला बदल समजावून सांगणे सोपे जाते. नसल्यास तो कागदोपत्री नवे बांधकाम ठरू शकतो. गावात स्वामित्व योजनेची, म्हणजे गावठाणातील घरांच्या जागांची, मोजणी झाली असल्यास मालमत्ता पत्रकही काढून घ्यावे.

गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा लागेल. गावठाणाबाहेर असाल तर नगररचना विभागाकडे चौकशी करावी, तेथे २ डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहिली जाते. राजापूरच्या बाजूला खाड्या आत दूरवर येतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे खाडीकाठी भरतीरेषेपासून पन्नास मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांतले जे कमी असेल ते अंतर नियंत्रित असते. घर त्याच्या आत येत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

सहहिस्सेदारांची संमती लेखी घ्यावी, आणि ती काम सुरू होण्याआधी घ्यावी. भिंत उभी राहिल्यावर नातेवाइकांची आठवण तीव्र होते.

मोरी_आणि_विहीर

न्हाणीघर आत आले की सांडपाणी आणि मैला कुठे जाणार, हा प्रश्न पुरुष मंडळींच्या चर्चेत शेवटी येतो, म्हणून मी आधीच विचारते. विहीर कुठे आहे? जांभ्याच्या पोटात भेगा आणि पोकळ्या असतात, त्यांतून पाणी अपेक्षेपेक्षा पुष्कळ लांब आणि लवकर जाते. शोषखड्डा विहिरीच्या उताराकडे, म्हणजे खालच्या अंगाला आणि निदान पन्नास फूट दूर असावा. त्याहून लांब नेता आला तर अधिक चांगले. आळीपाळीने वापरायचे दोन खड्डे घेतल्यास एक भरल्यावर तो बंद ठेवून दुसरा वापरता येतो आणि दोन वर्षांनी पहिल्यातील खत निर्धोकपणे काढता येते. अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी त्यात सोडू नये, ते केळी-अळूच्या आळ्यात जावे. आमच्याकडे पूर्वी ते तसेच जात असे, त्याला कोणी पर्यावरणपूरक म्हणत नसे इतकेच.

दुसरे, पाणी साठवण्याविषयी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. आठ माणसांना उन्हाळा काढायचा आहे. गोठ्याचे छप्पर वळचणीसह पन्नास चौरस मीटर तरी भरेल. म्हणजे त्यावर हंगामात दीड लाख लिटर पाणी पडते. त्यातले वीस हजार लिटर जरी टाकीत राखले तरी मे महिना निभावतो. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी मात्र सोडून द्यावे, कौलावरचे शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. पन्हळ लावणारच आहात, तर तिचे तोंड टाकीकडे वळवण्याचा खर्च फारसा नाही.

चार_पैसे_राखून

गोठ्याची कल्पना मला पटली, हे मोकळेपणाने लिहितो. तरी दोन शंका राहतात. एक, न्हाणीघराला तरी सिमेंट वापरणार की तेथेही चुनाच? दोन, छपराखालची उष्णता आणि धूळ. मुलांना अभ्यासाला बसायचे आहे, कौलाच्या फटींतून वहीवर काजळी पडते.

तळखडा

न्हाणीघराला सिमेंट जरूर वापरावे. जेथे रोज पाणी सांडते आणि भिंत नवी व स्वतंत्र आहे, तेथे त्याच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. एक टन सिमेंट तयार होताना साधारण सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुना भाजतानाही तो जातोच, मात्र गिलावा हवेत घट्ट होत असताना त्यातला काही भाग परत शोषला जातो. त्यामुळे सिमेंट कुठे अपरिहार्य आहे ते ठरवून तेवढेच घ्यावे, एवढाच नियम मी पाळतो. आपल्या कामात ते एका न्हाणीघरापुरते आणि टाकीपुरते लागेल.

छपराखाली वाशांना धरून माणगा बांबूच्या चिरफळ्यांचे छत करावे आणि कौल व छत यांच्यामध्ये हवा खेळण्यासाठी चार बोटे जागा सोडून वळचणीला व आढ्यापाशी ती मोकळी ठेवावी. गरम हवा वरून निघून जाते आणि धूळही थांबते. माणगा सिंधुदुर्गात पुष्कळ लावतात, तो भरीव असल्याने चांगला टिकतो, मात्र बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घेतलेलाच घ्यावा, नाहीतर दोन वर्षांत भुंगा लागेल. उजेडासाठी प्रत्येक खोलीत दोन-तीन काचेची कौले बसवावीत आणि त्यांच्या खाली छतात तेवढी जागा मोकळी ठेवावी. खांबांसाठी मोडलेल्या घरांतले लाकूड मिळते का पाहावे. स्वतःच्या जमिनीतला साग, आईन, किंजळ किंवा आंबा तोडायचा झाला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. नवा प्रत्येक खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीवर, उभा करावा, जमिनीत गाडू नये. माझे येथील नाव उगाच घेतलेले नाही.

परसातला_फणस

सगळ्या प्रतिसादांनंतर घरी जे ठरले ते लिहितो. कंत्राटदाराला नकार कळवला आहे. गोठा रिकामा करण्यास सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी दाव्यांचे लाकडी खुंटे निघाले, आईने ते स्वयंपाकघराच्या दारामागे नेऊन ठेवले आहेत. भिंतीचे खालचे दोन थर अगदी तळखडा यांनी वर्णन केले तसेच आहेत, बोट लावले की भुगा होतो. पूर्वेकडची बाजू बरी आहे.

या पावसाळ्यात काहीही बांधणार नाही. जुलैच्या जोरात घराभोवती पाणी कुठून येते आणि कुठे थांबते, ते गेरूने खुणा करून ठेवू. ऑक्टोबरमध्ये गोठ्याची जमीन खणून भिंत दुरुस्तीला घेऊ. चुना त्याआधी महिनाभर विझवून मुरत ठेवू. लांज्याकडे चुन्याचे काम जाणणारे एक वयस्कर गवंडी आहेत. स्वतः परांचीवर चढणार नाहीत, परंतु आमच्या गावातील दोन तरुणांना बसून शिकवण्यास तयार झाले आहेत. डिसेंबरपर्यंत न्हाणीघर झाले पाहिजे, कारण बाळाचे दिवस जानेवारीतले आहेत. मधली वाट आणि छत त्यानंतर. पहिले वर्षभर भावाचे कुटुंब माळ्यावर आणि ओटीवर दाटीवाटीने राहील, त्यांनी ते मान्य केले आहे. विहीर घराच्या वरच्या अंगाला सत्तर फुटांवर आहे. आत्यांना पत्रे गेली आहेत. दोघींचे होकार आले, तिसऱ्या आत्यांनी आधी गोठा पाहायला येते असे कळवले आहे.

एक अडचण उरली आहे. गोठ्यावरची सुमारे दीडशे कौले फुटलेली आहेत आणि बाजारात आज मिळणारे नवे कौल जुन्याच्या खाचेत बसत नाही. प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा असतो, हे आम्हाला आताच कळले. जुन्यावर एका कारखान्याची खूण आहे, पण अक्षरे झिजली आहेत.

वळचण

वादळानंतर गोळा केलेली दोनशेच्या वर साबूत कौले आमच्या परसात रचून ठेवलेली आहेत. छपरावर परत घालावीत एवढी जागा उरली नाही आणि टाकवत नाहीत. आपल्या खाचेत बसतील की नाही, हे फोटोवरून कळणार नाही. दापोलीकडे येणे झाले तर आपले एक कौल पिशवीत घालून आणा. बसले तर सगळी घेऊन जा, टेम्पोचे भाडे तेवढे आपण द्यावे.